कातडी लावायचा दवाखाना : वॉर्डाला पैकीच्या पैकी, संडासाला शून्य

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायाच्या जखमेवर त्यांच्याच मांडीची कातडी लावून आणल्यापासून गावात जो तो एकच विचारतो, ऑपरेशन चांगलं करतात का तिथं? ऑपरेशनचं मला काय ठाऊक बाप्पा, मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दीड-दोन तासांत त्यांना बाहेर आणलं. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे मी त्या वॉर्डात काढले. लावलेली कातडी धरते की सडून निघते, याचा निकाल बराचसा वॉर्डातच लागतो. म्हणून वॉर्डाबद्दलच लिहिते.

दवाखान्याचं नाव टाकत नाही. ट्रस्टचा आहे, मोठा आहे, वरुडहून एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. तिथं जे चांगलं झालं ते एक सर्जन मॅडम, दोन सिस्टर आणि ड्रेसिंगवाले मामा यांच्यामुळं झालं. उद्या ही माणसं दुसरीकडे गेली तर पाटीवरच्या नावाला काय अर्थ? त्यापेक्षा तुम्हाला जवळ पडेल त्या दवाखान्यात काय पाहायचं, ते यातून घ्या.

आधी थोडं मागचं. दिवाळीच्या तोंडावर मामाजी संत्र्याला पाणी द्यायला रात्री वाडीत गेले होते. शेतीची लाइन रात्रीच असते, सांगायला नको. घोणस चावली, पायाच्या वरच्या अंगाला. शेजारच्या वाडीतल्या पोरांनी पोटरीवर सुतळी करकचून बांधली. मॅडमनी नंतर सांगितलं की बांधल्यानं विष थांबत नाही, पायाचं रक्त मात्र तुटतं, आणि मांस आणखी मरतं. ग्रामीण रुग्णालयात सापाची लस लगेच मिळाली, फुकट. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहत होते. जीव वाचला, त्याबद्दल त्या लोकांचे उपकार आहेत. पण पाऊल आणि अर्धी पोटरी काळी पडली, फोड आले, आणि कातडी ओल्या कागदासारखी निघायला लागली.

मग तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरकडे काही दिवस गेले. ते रोज जखमेवर फेस येणारं औषध ओतायचे, घासायचे, पट्टी करायचे आणि म्हणायचे, "दोन दिवसांत कातडी लावून टाकू." रोजचं बिल वेगळं. दोन दिवस काही येईनात. शेवटी भाऊजींनी गाडी केली आणि आम्ही ट्रस्टच्या दवाखान्यात आलो. मॅडमनी पट्टी सोडली, बोटानं कडेला दाबून पाहिलं आणि आमच्या ह्यांना म्हणाल्या, "आज कातडी लावली तर आठ दिवसांत ती कचऱ्यात जाईल. खाली मेलेलं मांस आहे अजून." खरं सांगते, तेव्हा राग आला. इतक्या दुरून आलो आणि ही बाई नाही म्हणते.

नाही म्हणणारा डॉक्टर सापडणं हीच या दवाखान्याची पहिली जमेची बाजू. मॅडमनी आम्हाला बसवून समजावलं, आणि असं समजावलं की सासूबाईंनाही कळलं. लावलेल्या कातडीला सुरुवातीला स्वतःचं रक्त नसतं. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगते. मग तिच्या बारक्या नळ्या खालच्या नळ्यांना जुळायला लागतात, आणि चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत रक्त फिरू लागतं. म्हणजे खालची जमीन जिवंत हवी. उघडं हाड, उघडी शीर (रक्ताची नव्हे, पायाची बोटं हलवणाऱ्या त्या पांढऱ्या दोऱ्या) यांच्यावर पातळ कातडी धरत नाही. त्यांच्यावरचा नाजूक पापुद्रा शाबूत असेल तरच धरते. मामाजींच्या पावलावर अशा दोन दोऱ्या उघड्या पडल्या होत्या.

म्हणून आधी सफाई. ती थिएटरमध्ये नेऊन, भूल देऊन. नंतर जखमेवर काळा स्पंज ठेवून, वरून प्लास्टिक चिकटवून, नळीनं हवा ओढणारं मशीन लावलं. वॉर्डात त्याला सगळे 'वॅक' म्हणतात. ते रात्रंदिवस घुर्र घुर्र करतं आणि डब्यात लालसर पाणी जमा होतं. पडद्यावर ओढीच्या दाबाचा १२५ चा आकडा असायचा. आकडा खाली गेला की कुठंतरी प्लास्टिक सुटलं समजायचं. ते ओळखायला सिस्टरनं मला शिकवलं होतं, आणि रात्री दोन वाजता हाक मारली तरी ती तोंड वाकडं न करता यायची. काही दिवसांनी स्पंज बदलताना मी पाहिलं. त्या पांढऱ्या दोऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि त्यांच्यावर डाळिंबाच्या रंगाचं दाणेदार मांस चढलं होतं. "हे पाहिजे होतं मला," मॅडम म्हणाल्या.

तरी तारीख मिळाली नाही. जखमेचा पू तपासायला पाठवला होता. पट्टीवर हिरवट डाग आणि गोडसर घाण वास येत होता, त्या जंतूचा रिपोर्ट आला. एक ग्रॅम मांसात एक लाखाच्या वर जंतू असले की कातडी धरण्याची आशा कमी, असं हिशेबानं सांगितलं. एक प्रकारचे जंतू तर असे असतात की त्यांच्यापुढं आकडाही मोजत नाहीत, ते असले तर कातडी लावतच नाहीत; ते आमच्या रिपोर्टात नव्हते. मधल्या काळात भाऊजी एकदा मॅडमच्या मागं लागले, "मॅडम, माझ्या मांडीची घ्या ना. बाबाचं वय झालं, त्यायले कशाला दोन जखमा?" मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्याची कातडी काही दिवस झाकण म्हणून चालते, पण शरीर ती परकी म्हणून टाकून देतं. कायमची धरायची तर स्वतःचीच लागते, असं त्यांनी सांगितलं. भाऊजींचा चेहरा पडला, पण वॉर्डात त्या दिवसापासून त्यांना मान मिळाला.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेली पुडी. माझ्या सासऱ्यांबद्दल मी असं लिहावं का, हा प्रश्न आहे, पण त्यांनीच सांगितलं, लिही म्हणून. मामाजी माळकरी. आळंदीला गेल्यापासून मटण सोडलं, अंडं सोडलं, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. खर्रा मात्र कुठल्याच मासात बंद नाही. मॅडमनी विचारलं, "तंबाखू?" तर म्हणे, "नाही जी, मी बिडी पीत नाही." सिस्टरनं उशीखाली हात घातला आणि पन्नीत घोटलेली पुडी काढून मॅडमच्या हातावर ठेवली.

तंबाखू धुरातून गेला काय आणि गालातून गेला काय, निकोटीन रक्तात जातंच आणि ते बारक्या रक्तनळ्या आवळतं. ज्या केसासारख्या नळ्यांनी चार दिवसांत जोडून घ्यायचं, त्याच आवळल्या तर कातडी जगणार कशी? मॅडमनी आवाज चढवला नाही. "बाबाजी, तुम्ही खर्रा सोडला की मी तारीख देते," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या खाटेवर गेल्या. मी सून, मी काय बोलणार? पण सिस्टरनं ते काम अंगावर घेतलं. रोज सकाळी "जीभ दाखवा बाबाजी!" पहिले काही दिवस मामाजी कुणाशी बोलले नाहीत, डोकं दुखते म्हणून तोंड फिरवून निजायचे. बडीशेप आणि भाजलेला ओवा मीच पुरवला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर, रस्ता ओलांडला की तीन ठेले आहेत, दिवसभर खर्रा घोटण्याचा आवाज. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणतात. दवाखान्यानं त्या ठेल्यांचं काहीतरी करावं, हा माझा एक तक्रारीचा मुद्दा. पेशंटचा खर्रा सुटतो, पण पेशंटला भेटायला येणारे सोयरे पुडी घेऊन येतात, प्रेमानं.

खाण्याचंही तसंच. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगायची, वरण देऊ नका, पू होते. भात देऊ नका, जखम ओली राहते. मी अंगणवाडी सेविका आहे. प्रथिनं म्हणजे काय ते मी भिंतीवर तक्ते लावून शिकवते, तरी सासूबाईंनी माझ्या हातातली वरणाची वाटी काढून घेतली. त्या दवाखान्यात आहाराच्या मॅडम वॉर्डात येतात, आणि खाटेशी बसून घरच्या बाईशी बोलतात. हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी आलं होतं, हिमोग्लोबिनही. जखमेतून रोज जे पाणी वाहतं त्यात प्रथिनंच जातात, ती तोंडावाटे भरून काढली नाहीत तर शरीर नवं मांस कशातून बनवणार, हे त्यांनी सासूबाईंना विचारलं. अंडं चालत नाही म्हटल्यावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. तुरीचं घट्ट वरण, सोयाबीनच्या वड्या, दूध, दही, शेंगदाण्याची चटणी, असं लिहून दिलं. मामाजींना साखरेचा आजार आहे, म्हणून गूळ आणि कॅन्टीनचा गोड चहा बंद, आणि भरती असेपर्यंत गोळ्यांऐवजी इन्सुलिन. साखर वर राहिली की जंतूंचं फावतं आणि जखम रेंगाळते. सकाळ-संध्याकाळ बोट टोचून वहीत आकडा लिहायचे.

कॅन्टीनमध्ये यातलं काही मिळत नाही. पोहे, आलुबोंडा, पातळ वरण. डबा बाहेरून लावावा लागला. मागच्या बाजूला नातेवाइकांसाठी गॅसची शेगडी आहे, नंबर लागतो. पहाटे उठलात तर भाकरी होते.

शेवटी तारीख मिळाली. कमरेत सुई देऊन भूल दिली, म्हणून मामाजींनी आतलं बोलणं सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर तिखटमीठ लावून सांगितलं. मांडीवरून अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा काढला, मशीनमधून काढून त्याला जाळी पाडली आणि जखमेवर पसरून कडेनं पिना मारल्या. जाळी दोन कामांची. थोड्या कातडीत जास्त जागा झाकते, आणि खाली रक्त किंवा पाणी साचलं तर भोकांतून निघून जातं. साचलं तर कातडी उचलली जाते, आणि उचलली गेली की तिचं जेवण तुटलं. सगळ्यात जास्त कातड्या अशाच जातात म्हणे. जागेवरून घसरली तरी जाते. म्हणून वरून घट्ट गादीसारखी पट्टी, खाली प्लास्टरची पाटी, आणि पाय दोन उश्यांवर.

मामाजींना हे कुणी समजवायची गरज पडली नाही. शेंदूरजना घाटच्या नर्सरीत त्यांनी तरुणपणी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे (कलमाचे कोंब) बांधले आहेत. "डोळा हालला का गेला. आत हवा राहिली तरी गेला. पट्टी सोडून पाहाची घाई केली तरी गेला," असं ते शेजारच्या खाटेवाल्याला सांगत होते. त्यांच्याइतका शहाणा पेशंट वॉर्डात दुसरा नसेल. पाय उशीवरून तसूभर हलवला नाही. उलट खोकला आला तरी मांडी हातानं धरून खोकायचे.

पायाचं एक वेगळंच असतं. पाय खाली लोंबला की रक्त पायात उतरतं, सूज येते, नवीन नळ्यांना ते झेपत नाही. हाताच्या किंवा तोंडाच्या कातडीपेक्षा पायाची कातडी म्हणून जास्त जपावी लागते.

पाचव्या दिवशी पहिली पट्टी. ही पाहण्यासाठी मी मुद्दाम थांबले होते, आणि कुणी मला विचारलं की दवाखाना कसा ओळखायचा तर मी हीच पट्टी पाहायला सांगेन. ड्रेसिंगवाल्या मामांनी आधी वरचे थर कात्रीनं कापले. आतल्या थरावर सलाइन ओतलं आणि दुसऱ्या खाटेचं काम करायला गेले. मला वाटलं विसरले. परत आले, आणखी ओतलं, पुन्हा थांबले. मग एका हातातल्या चिमट्यानं कातडीची कड खाली दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं औषधाची तेलकट जाळी आडवी सोलत नेली, वर न ओढता. तळहाताएवढी जागा मोकळी व्हायला बराच वेळ लागला. तालुक्याला पट्टी कशी टर्रकन ओढायचे ते आठवलं आणि अंगावर काटा आला. खाली कातडी गुलाबी. जाळीच्या भोकांतून लाल ठिपके. एका ठिकाणी फुगवटा दिसला, तो मामांनी ओल्या कापसाच्या काडीनं लाटत लाटत जवळच्या भोकातून बाहेर काढला. मॅडमनी बोटानं दाबलं, पांढरं पडलं, सोडल्यावर परत गुलाबी झालं. "नव्वद टक्क्यांच्या वर," त्या म्हणाल्या. मामाजींनी विचारलं, "मंग धा टक्के कोन खाल्ले?"

त्याचं उत्तर दवाखान्याच्या संडासात आहे. कातडी घोट्याजवळ, रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन जागी काळी पडली होती. वॉर्डातले संडास सगळे उकिडवे बसायचे. प्लास्टरची पाटी बांधलेला, पाय वाकवायचा नाही असा पेशंट तिथं बसणार कसा? खुर्चीचा कमोड अख्ख्या वॉर्डात एकच, आणि तो बहुतेक वेळा बायकांच्या बाजूला. बेडपॅनला मामाजी तयार नाहीत, सुनेसमोर तर मुळीच नाही. तिसऱ्या रात्री भाऊजींनी धरून नेलं, पाय टेकला, घोट्याला हिसका बसला. दुसऱ्या दिवशी पट्टीवर तिथंच लाल डाग उमटला होता. एवढं सगळं नेमकेपणानं करणाऱ्या दवाखान्याला चार कमोड खुर्च्या घेता येऊ नयेत? मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तीन वर्षांपासून मागते आहे." तुम्ही गेलात तर घरून प्लास्टिकची भोकाची खुर्ची घेऊन जा, मी गंमत करत नाही. त्या दोन जागा नंतर पट्ट्यांनी भरून आल्या, परत कातडी लावावी लागली नाही.

मांडीचं कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जिथून कातडी काढतात ती जागा लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते. मामाजी पायाबद्दल शब्द बोलले नाहीत, मांडीनं मात्र रडवलं. तिथली पट्टी ओली दिसली तरी ओढायची नसते. दोन-तीन आठवड्यांत खालून कातडी आली की आपोआप सुटते, सुटेल तेवढी कात्रीनं कापायची. दुखण्याच्या गोळीसाठी सिस्टरला आठवण करून द्यावी लागते, रात्रपाळीत विशेष.

शेजारच्या खाटेवर धारणीकडचं कोरकू पोरगं होतं, चुलीवर भाजलेलं, कोपराच्या आतल्या बाजूला कातडी लावलेली. सांध्यावरची कातडी धरली तरी पुढं महिनोन्‌महिने आक्रसते, म्हणून हात सरळ ठेवायला पाटी बांधून झोपवायचे आणि व्यायाम द्यायचे. इथं फिजिओथेरपीवाले कमी पडतात. आज येतो म्हणून परवा यायचे, आणि व्यायाम सांगायचे ते मराठीत, आईला मराठी जेमतेम. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी कोरकूत सांगितलं. त्यांचा पगार वाढवा, असं मला फार वाटलं.

पैशाचं. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलं. सफाई, मशीन, ऑपरेशन यांचे पैसे लागले नाहीत. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आता. खाली योजनेचे आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रत घेऊन पहिल्याच दिवशी जा. आधारवर आणि रेशनकार्डावर नाव वेगळं असलं की दोन दिवस गेलेच समजा. आमच्या मामाजींचं एका ठिकाणी 'राव' आहे आणि एका ठिकाणी नाही, त्यावरून सरपंचाचा दाखला आणायला ह्यांना परत गावाला पाठवलं. डबा, गाडीभाडं, बाहेरची काही औषधं हा खर्च आपला.

सुटीचं कार्ड इंग्रजीत देतात, त्यातही डॉक्टरी अक्षर. मी सिस्टरकडून मराठीत लिहून घेतलं. पाय लोंबवायचा तो थोडा थोडा, आधी पाच मिनिटं, क्रेप पट्टी बांधून. जांभळा पडला तर वर. नव्या कातडीला घाम नाही, तेल नाही, म्हणून खोबरेल दिवसातून दोन-तीनदा, हलक्या हातानं. खाज सुटते, नख लावायचं नाही. उन्हात उघडी ठेवली तर कायमची काळी पडते, आणि वरुडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पायाला जाणीव कमी, म्हणून अनवाणी वाडीत जायचं नाही, शेकोटीशी बसताना लक्ष ठेवायचं. जाळीची नक्षी राहते. मामाजी ती सगळ्यांना दाखवतात.

एक राहिलं. सूज आणि जाड वण येऊ नये म्हणून घट्ट लवचीक मोजा घालायला सांगतात, कित्येक महिने. दवाखान्याच्या मेडिकलमध्ये तयार मापाचे आहेत, ते मामाजींच्या पोटरीला सैल आणि घोट्याला कचकचीत. मापानं शिवून घ्या, आणि दोन घ्या, एक धुवायला लागतोच.